म्हशीचा घटसर्प आणि मुलीचा

धाकटा भाऊ आणि भावजय त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला शेवगावकडून आमच्याकडे केडगावला घेऊन आले, तेव्हा तिची मान सुजून जबड्याच्या रेषेला मिळाली होती. ताप मात्र थोडाच होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून घसा पाहिला. आत राखाडी पापुद्रा धरलेला. "घटसर्प," त्या म्हणाल्या.

भावाचा चेहरा उलट सैल झाला. "दादा, ह्यो तर म्हशीचा रोग! आन् म्हशीला तर पावसाळ्याआधी टोचलंय की." तरी त्याने घरी आईला फोन लावला, "दूध वतून दे, म्हस लांब बांध."

"म्हशीला कशाला शिक्षा?" बाई वैतागल्या. "नाव एक, जंतू वेगळा. हा माणसाकडूनच माणसाला होतो. मुलीला पाचव्या वर्षीचा डोस दिलाय?"

नव्हता. दर हिवाळ्यात मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीवर असे. म्हैस गावात असे, तिची लस कधी चुकली नाही.

मला अर्धवट समजलेलं चालत नाही, म्हणून बाईंना पुन्हा विचारलं. जंतू घशातच ठाण मांडतो, पण त्याचं विष रक्तात उतरतं. ते पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं आणि पेशी मरतात. तो पापुद्रा त्याच मेलेल्या पेशींचा. हृदयात विष पोचलं की ठोके चुकतात. त्यावरचं इंजेक्शन फक्त रक्तातलं विष निकामी करतं, पेशीत शिरलेल्यापर्यंत पोचत नाही. आणि ते इंजेक्शन पुण्याहून यायचं होतं. ते येईपर्यंत आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो.

इंजेक्शन मिळालं आणि दुसऱ्या आठवड्यात घसा मोकळा झाला. भाऊ म्हणाला, "बरी झाली की. तोडीची टोळी परवा निघतीय."

"ठोके अजून चुकतायत," बाई म्हणाल्या. "उठून बसूसुद्धा द्यायचं नाही. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही."

"तुमी जावा, मी हाय हिच्यापाशी," भावजय म्हणाली.

"आन् आर्धा कोयता कोन घेतंय?"

तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. शेवटी भावाने टोळीच्या मुकादमाला फोन केला, "यंदा आमाला धरू नका." पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. त्याने फोन तसाच बंद केला.

"दादा," तो म्हणाला, "हिच्याखाली लघवीचं भांडं सरकवायचंय. जरा पायाकडून धर. आडवीच ऱ्हाऊ दे."