शेजारणीला दिलेली यादी

नातीच्या ऑफिसात सध्या एक क्रियापद फार चालतं: रिफ्रेम करणं. तिने केलेलं काम सहकाऱ्याने स्वतःचं म्हणून दाखवलं, तर साहेब म्हणाला, रिफ्रेम कर. मी अर्थ विचारला.

"घडलं ते तसंच राहतं गं आजी, आपण फक्त बघायची बाजू बदलायची. मग त्रास कमी होतो."

"कोणाचा?"

ती मोबाइलमध्ये बघायला लागली.

मला हे घाटकोपरच्या चाळीत समोरच्या खोलीतल्या मैत्रिणीने शिकवलं होतं. तेव्हा मी तिशीची होते आणि स्वतःला भारी हुशार समजायचे.

आमच्या कोकणी घरांत वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो. मिरची किती, धणे किती, दगडफूल किती, हे आई फक्त घरातल्या बायकांना सांगते. डंकावर, म्हणजे मसाला कुटतात तिथे, बाई शेवटपर्यंत स्वतः उभी राहते. यादी परक्या हातात देत नाही. त्या वर्षी मला ताप आला. मैत्रीण म्हणाली, "दे इकडे, मी आणते कुटून. मी काय परकी आहे?" मी यादी दिली. वर दगडफूल कुठल्या दुकानातलं घ्यायचं तेही सांगितलं. एवढी दानशूर बाई अख्ख्या चाळीत दुसरी नसेल.

दिवाळीपर्यंत तिच्या मसाल्याच्या पिशव्या मुलुंडपर्यंत जायला लागल्या. "आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मालवणी," असं सांगायची. माहेर नाशिकचं. मी जाब विचारायला गेले, तर तिने चहा टाकला.

"असं बघ ना, तुझ्या आईची चव किती घरांत पोचली. तू एकटी कुठे पोचवणार होतीस?"

मला पटलं. इतकं पटलं, की तिच्या चार पिशव्या मीच बोरिवलीला नणंदेकडे नेऊन दिल्या.

मग आई गावाहून आली. मैत्रिणीने कौतुकाने बांगड्याचं कालवण पाठवलं. पहिल्याच घासाला आईचा हात थांबला.

"माझो मसालो तिच्या घरात कसो गो?"

"असं बघ ना आई," म्हणून मी शेजारणीचं सगळं भाषण तिला ऐकवलं. पोपटही एखादा शब्द विसरला असता. आईने भात संपवला, स्वतःचं ताट घासलं.

पुढच्या वर्षापासून ती मसाला गावीच कुटून घ्यायची आणि मला तयार डबा पाठवायची. चव बदललेली होती, आधीपेक्षा चांगली. यात काय घातलंस, विचारलं तर म्हणाली, "तुका तयार गावता ना? मगे खा."

शेवटपर्यंत तिने सांगितलं नाही. सांगितलं ते माझ्या वहिनीला. वहिनी अजून दर वर्षी डबा पाठवते. भोळी आहे, मागितली तर यादीही देईल. म्हणून मी मागत नाही. आईने ती मला द्यायची नाही असं ठरवलं होतं.