हळदीच्या पुडीवरचा चौकोन

शेजारच्या काकूंनी त्यांची गोष्ट मला सांगितली ती एका अटीवर. सांगून झाल्यावर त्यांनी मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "लिही तू काय लिहायचं ते. पण तिच्यापर्यंत गेलं पाहिजे. आणि दवंडी पिटायची न्हाई. निरोप गेल्यासारखं गेलं पाहिजे."

'ती' म्हणजे जतच्या वहिनी. काकू मूळच्या कुंडलच्या, काका फौजेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ते पंजाबात असताना फॅमिली क्वार्टरमध्ये राहायचे. भिंतीला लागून जतकडच्या एका जवानाचं बिऱ्हाड होतं. काकूंचा मुलगा तिथंच झाला आणि त्याच आठवड्यात काकांना सरहद्दीकडे जावं लागलं. गावाकडून कुणी पोचेपर्यंत महिना गेला. तो महिनाभर जतच्या वहिनी काकूंच्या दाराच्या आत घोंगडं टाकून झोपल्या. बाळाला त्यांनीच न्हाऊ घातलं, काकूंचं अंग त्यांनीच शेकलं. पुढं दोन्ही कुटुंबांची बदली झाली, वेगवेगळ्या टोकांना. पत्ता घ्यायचा राहून गेला. काकूंना वहिनींचं आडनाव तेवढं माहीत होतं, आणि जत तालुक्यात त्या आडनावाच्या वाड्याच्या वाड्या आहेत.

"एकदा तरी तिला सांगायचं हुतं," काकू म्हणाल्या. काय सांगायचं होतं, ते मी विचारलं नाही. मला लोकांना असं विचारता येत नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत लिहायची सवय नव्हती, त्यामुळे काकूंची गोष्ट आधी इंग्रजीतच लिहिली. आईनं ती वाचली आणि एवढंच विचारलं, "हे काकू कशा वाचणार?" मग मी पुन्हा पहिल्यापासून मराठीत लिहिली. आईनं लाल पेनानं खुणा केल्या. तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा ती म्हणाली, "आता काकूंसारखं वाटतंय." फौजी घरांतल्या बायकांच्या आठवणींचा माझा ब्लॉग असा दिवाळीनंतर सुरू झाला. त्यावर एकच गोष्ट होती आणि लिहिणारीचं नाव नव्हतं.

आता प्रश्न होता, ब्लॉग लोकांपर्यंत न्यायचा कुठून. माझी एक मैत्रीण पुण्यात सोशल मीडियावर प्रसिद्धी करायचंच काम करते. तिनं फोनवर विचारलं, "तुझा वाचक कोण?"

"साठीच्या पुढची एक बाई. जतकडची. बहुतेक."

"एकच?"

"एकच."

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, पैसे देऊन जाहिरात केली तर जत तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर दिसेल. मी नको म्हटलं. तीच ती दवंडी झाली असती. "मग ऑरगॅनिक," ती म्हणाली. "म्हणजे रोज टाकत राहायचं, लोकांशी बोलायचं, आणि चेहरा दाखवायचा. चेहऱ्याशिवाय कुणी थांबत नाही."

मी वहीच्या मागच्या पानावर एकेक जागा लिहून काढली. इन्स्टाग्रामवर रील करायचं तर कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागणार होतं, आणि मी वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा घाम पुसणारी. फेसबुकवर काकूंच्या वयाचे लोक असतात हे माहीत होतं, पण तिथं माझे सगळे मामा, मावश्या आणि शाळेतल्या दोन बाई होत्या. बाकीच्या ठिकाणी एकतर भांडणं चालू असायची नाहीतर केकचे फोटो. व्हॉट्सअॅप मी यादीत घेतलंच नाही. तिथं तर सगळे ओळखीचेच. ओळखीच्या माणसांसमोर लिहिणं मला अनोळखी माणसांपेक्षा जास्त अवघड वाटायचं.

शेवटी इन्स्टाग्रामवर बिनचेहऱ्याचं एक पान काढलं. काकांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेचे फोटो टाकले. हॅशटॅग सगळे इंग्रजीत दिले. पौषापर्यंत ब्लॉगवर अकरा जण येऊन गेले. त्यातली एक मैत्रीण, एक मी, आणि आईच्या मोबाईलवरून आणखी एकदा मीच.

काकू दर दोन-चार दिवसांनी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारायच्या, "गेलं का गं?"

"जाईल, काकू."

त्या 'बरं' म्हणायच्या. त्यांच्या 'बरं'ला मी तोंड चुकवायला लागले होते. एकदा तर त्या अंगणात दिसल्या म्हणून मी मागच्या दारानं गाडी काढली.

संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू असतं. आई दरवर्षी वाण म्हणून हळदच देते. मार्केट यार्डातून हळकुंडं आणून दळून घेते आणि छोट्या पुड्या बांधते. सगळीकडे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, निदान आपल्याकडचं वाण स्वयंपाकात पडावं, असं तिचं म्हणणं. त्या पुड्या बांधताना मला युक्ती सुचली. बोलायला नको, चेहरा नको. ब्लॉगचा क्यूआर कोड छापून प्रत्येक पुडीवर चिकटवायचा. बायका घरी जाऊन स्कॅन करतील, वाचतील. मी चाळीस पुड्यांवर चाळीस काळे-पांढरे चौकोन चिकटवले. खाली काही लिहायचं मात्र मला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मी आत तिळगुळाच्या वाट्या भरत होते. बाहेरून आवाज आला.

"आवं, ह्यो स्कॅनर कशाला लावलाय पुडीवर?"

"कुठं? अगं बाई, खरंच की. किती टाकायचं?"

"आता वाणालाबी ऑनलाईन! आमच्या येळंला नुसतं नाव घिऊन सुटायचो आमी."

हशा पिकला. पण त्यात एक आवाज हसत नव्हता. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजी म्हणाल्या, "सवाष्णीच्या हातात वाण द्यायचं आन् पैसं मागायचं? लय झालं की." आणि त्यांनी पुडी परत ताटात ठेवली.

भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सांगलीत असा चौकोन दिसला की माणूस खिशात हात घालतो. हे मला सुचायला हवं होतं. मी रोज त्याच बाजारातून फिरते.

आई दारात आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाहेर ये," ती म्हणाली. "तूच सांग."

मी बाहेर गेले. वीस-बावीस बायका माझ्याकडे बघत होत्या. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. मी सांगितलं की हे पैशाचं नाही, यात एक गोष्ट आहे. काय सांगितलं ते नीट आठवत नाही. आवाज इतका बारीक निघाला की कुणीतरी पंखा बंद केला.

"कसली गोष्ट?"

"एका... फौजी घरातल्या बाईची."

"मग वाचून दाखव की," पुडी परत करणाऱ्या आजीच म्हणाल्या. "चष्मा कुणी आणलाय हितं!"

मी मोबाईल काढला आणि खाली मान घालून वाचत गेले. घोंगड्याचा भाग आला तेव्हा बांगड्यांचा आवाजसुद्धा थांबला. काकू पदराचा काठ दोन बोटांत धरून बसल्या होत्या. त्या गोष्टीत त्यांचं नाव नव्हतं, पण संपल्यावर एकेक नजर त्यांच्याकडे वळली. मला वाटलं, आता काकू रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "व्हय. मीच ती."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"माझ्या नणंदेचं सासर जतच्या पलीकडंच हाय."

"आमच्या जावेचा भाऊ त्याच बाजूला मास्तर आहे."

"पर त्यास्नी वाचायला कोण बसतंय? हे आत्ता म्हटलीस तसं मोबाईलात बोलून दे पोरी. मी पाठवते."

आजींनी पुडी पुन्हा ताटातून उचलली आणि ओटीत घातली. त्या संध्याकाळी त्यांनी ती परत केली नसती तर चाळीस पुड्या मुकाट्यानं चाळीस घरांत गेल्या असत्या आणि चौकोन केराच्या डब्यात. त्यांचे आभार मी अजून मानलेले नाहीत, म्हणून इथं मानते.

दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लावून मी ती गोष्ट व्हॉट्सअॅपवर बोलले. चेहरा नाही, फक्त आवाज आणि शेवटी माझा नंबर. त्या बायकांनी हळदीच्या पुडीचा फोटो स्टेटसला लावला आणि माझा आवाज नणंदांना, जावांना, माहेरच्या ग्रुपवर पाठवला. ज्या ओळखीच्या माणसांपासून मी लपत होते, त्यांच्याच घरांमधून रस्ता जात होता. साताऱ्याहून एकीनं तिच्या आईची आठवण बोलून पाठवली. शिराळ्याहून एकीनं विचारलं, माझ्या सासूचं पण लिहिशील का? आटपाडीच्या एक बाई म्हणाल्या, ती मीच असेन, मी पण एका बाळंतिणीला सांभाळलं होतं. त्यांचा आवाज काकूंना ऐकवला. काकूंनी मान हलवली. "ही न्हाई. पर हिलाबी कुणीतरी शोधत असंल बघ."

नवव्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरावरून निरोप आला. 'आमची आज्जी बोलली आहे, त्या काकूंना ऐकवा.' मी न ऐकताच भिंतीपलीकडे पळाले.

पहिलं अर्धं मिनिट नुसती खुडबुड होती. शेळी ओरडली. मग, "चालू हाय का? लाल झालं न्हवं? बोलू?" आणि मग एका दमात, "अगं कुंडलची, कुटं हायस तू? किती बघितली वाट! आन् त्या पोराचं नाक तसंच बसकं हाय का अजून?"

ते पोर त्या वेळी आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होतं. त्याला टक्कल पडायला लागलंय. त्यानं नाकावरून हात फिरवला.

काकू हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "तशीच बोलती," म्हणाल्या. "मधी श्वास न्हाई घेत."

त्यांनी मोबाईल हातात घेतला. "कुठं दाबायचं?"

मी दाखवलं. "हे धरून ठेवायचं, काकू. बोट उचललं की बोलणं तुटतं आणि तेवढंच जातं."

"बरं." त्यांनी बोट ठेवलं आणि लगेच उचललं. आधी मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आता तुमी दोघं बाहेर जावा."

आम्ही बाहेर आलो. मी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. ब्लॉगवर त्या दिवशी किती जण आले ते मी बघितलं नाही, मोबाईल तर आतच होता. आतून काकूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. आवाज थांबत नव्हता.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. काकूंनी मोबाईल माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे ओले होते आणि त्या उजव्या हाताचं बोट चोळत होत्या.

"दुखलं गं," त्या म्हणाल्या. "पर उचललं न्हाई."