उस्मानचाचांनी केलेला चाप

वडिलांचं कार्ड वसतिगृहात आलं तेव्हा मी जेवायला निघालो होतो. गावच्या मास्तरांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. आपल्या गल्लीतले उस्मानचाचा सुतार वारले, दफन झालं, तू धावपळ करू नकोस. मी कार्ड पुस्तकात ठेवलं… त्याच पुस्तकात चाचांचं एक पत्र उन्हाळ्यापासून पडून होतं.

आमच्या प्रकाशा गावात त्यांच्या कामाला तोड नव्हती. लाकडाला लाकूड जोडलं की जोड नजरेला दिसू द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. आमच्याकडे आले की माझ्या खुर्चीवरून हात फिरवत विचारायचे, "हाई कोनी करी रे, बैलनी?" वडील हसायचे. खुर्ची वडिलांनीच ठोकलेली होती.

लढाईच्या दिवसांत चाचा मुंबईला एका विमान कंपनीत सुतार म्हणून लागले. उभ्या विमानाचं शेपटीकडचं सुकाणू वाऱ्यानं हलू नये म्हणून त्यावर लाकडी चाप बसवत. चापाला लाल चिंधी बांधलेली असे, आणि विमान निघण्याआधी ती बघून खालचा माणूस चाप काढी. जुना चाप फुटला, तेव्हा चाचांनी सागाचा नवा केला. विमानासारखाच रुपेरी रंग दिला, कडा इतक्या घासल्या की तो वेगळा दिसेना. चिंधी ओंगळ दिसते म्हणून बांधली नाही. दुसऱ्या सकाळी गणपत नावाच्या माणसानं सवयीनं लाल रंग शोधला. दिसला नाही, तेव्हा चाप निघालाय असं समजून त्यानं विमान सोडलं. जमिनीवरून उठताच ते एका अंगाला ओढलं गेलं आणि कुंपणापलीकडे पडलं. वैमानिक गेला.

हे चाचांनी मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगितलं. "साहेबनी इचारं, चिंधी व्हती का? मी म्हंतं, व्हती." मग म्हणाले, "गणपतनी मन्हाकडे देखं. काहीच बोलना नही." गणपतची नोकरी गेली. पुढे त्याला कुठल्याही विमानतळावर कोणी उभं केलं नाही.

"तुले लिखता येस. लिख," चाचा म्हणाले. मी कंपनीच्या नावे पत्र लिहिलं, वाचून दाखवलं, त्यांनी अंगठा उठवला. आणि मग… मीच म्हणालो, घाई नको, तुरुंग होईल, पुण्याला एखाद्या वकिलाला विचारतो. गल्लीत कॉलेजात गेलेला मी एकटा, म्हणून ते माझ्या शब्दावर थांबले. मी कोणालाही विचारलं नाही. खरं म्हणजे, ज्या माणसाचा मला अभिमान होता त्याचं नाव खराब होईल, ही भीती माझीच होती. वडिलांच्या दर कार्डाच्या शेवटी एक ओळ असे, उस्मान विचारतो, काम झालं का.

दिवाळीत घरी आलो आणि पत्र घेऊन चाचीकडे गेलो. पाठवू की फाडू, असं विचारलं. लोक बोलतील, हेही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "धाड. आनि इतला महिना कोनी दाबी ठेवं, तेबी लिख."

चाचांच्या कामाच्या बाकावर बसून मी माझ्या नावानं खाली चार ओळी वाढवल्या. पत्र गेलं आहे. उत्तर आलेलं नाही. गणपत कुठे असेल मला ठाऊक नाही. हे वाचणाऱ्या कोणाला तो भेटला तर कृपा करून सांगा, चिंधी नव्हती.

तो बाक डुगडुगतो. एका पायाखाली चाचांनी लाकडाची ढलपी सरकवून ठेवली आहे, ती उघड नजरेला दिसते. लिहिताना माझं अक्षर वाकडं आलं… तसंच राहू दिलं.