आजोबांच्या वहीतली अडतीस कोडी

बाळांनो, गेल्या दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्रॅम, बसवून तुम्ही परत गेलात. "आजी, आता आजोबांची कोडी तपासून टाक," असे जाता जाता सांगितलेत. पुढे काय झाले ते आजोबा तुम्हाला फोनवर सांगणार नाहीत. सोमवारी वही छपाईला जाणार आहे, आणि छापील पुस्तिका हातात आल्यावर कुणी काही विचारणार नाही. म्हणून आजच लिहिते.

वालचंदनगरच्या कारखान्यात आजोबा ड्राफ्ट्समन होते. संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर बसून ते कोडी रचत: अमुक खेळ्यांत पांढऱ्याने मात करायची. जमलेले कोडे वहीत उतरे, फसलेले बंबात जाई. बारामतीत बुद्धिबळाचा क्लास चालवणाऱ्या सरांना ती कोडी छापायची होती. आजोबांची अट एकच. "एक जरी चुकीचं निघालं तरी वही छापायची नाही. आधी तपासा." हात थरथरायला लागल्यापासून त्यांना सोंगट्या धड मांडता येत नाहीत, त्यामुळे तपासणे माझ्याकडे आले.

पहिल्या पानावर लिहिले होते, चार खेळ्यांत मात. मी मांडणी भरली. इंजिन क्षणात म्हणाले, दोन. एकेका घरावर बोट ठेवून मी पुन्हा भरली. पुन्हा दोनच. ठरल्याआधी सुटते ते कोडे फसलेले, एवढे इतक्या वर्षांच्या संसारात मलाही कळते.

मागून आरामखुर्चीतून आवाज आला, "काय म्हणतंय?"

"बरोबर म्हणतंय," मी म्हणाले.

शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांच्या वह्यांवर लाल गोल काढायला माझा हात कधी अडखळला नाही. या वहीवर तो चालेना. पहिल्या बारा कोड्यांपैकी सात इंजिनाने नाकारली आणि सातही वेळा मी "बरोबर" म्हणाले. आजोबा त्या दिवसांत अर्धी भाकरी जास्त खात. पुढची पाने बरीचशी नीट निघाली, तरी तिथेही चार अडली. ती मी एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात लपवली. तेवढ्यात सरांचा फोन आला, "छापण्याआधी मीही एकदा मशीनवर टाकून बघतो." माझे खोटे आता परक्या माणसाच्या तोंडून आजोबांना कळणार होते.

रविवारी लासुर्ण्याचे चाचा आले. त्यांचे कापडाचे दुकान तुम्हाला आठवत असेल. आजोबांचे ते पटावरचे सगळ्यात जुने वैरी. मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून पहिले पान आणि लॅपटॉपवरचे उत्तर दाखवले.

"प्यादे शेवटच्या घरात जाऊन वजीर होते," मी हळू आवाजात म्हणाले, "आणि दोन खेळ्यांतच मात होते."

"वजीर? घोड्याच्या घरात वजीर?" चाचा जोरात हसले. "अवो मास्तरीणबाई, ह्ये देशी डाव हायत! तवा आमी समदी देशीच खेळायचो. प्यादं ज्याच्या घरात पोचलं, त्योच मोहरा हुतो. घोड्याच्या घरात घोडा! ह्या डब्याला काय ठावं?"

मी कधी पटावर बसले नाही. मला माहीत होते ते शाळेतल्या इंग्रजी पुस्तकातले नियम. कॉलनीत स्पर्धा सुरू झाल्यावर हे लोक नव्या नियमांकडे वळले, आणि पहिली बारा कोडी त्याआधीची होती.

"काय रं, कसला हशा चाललाय?" बाहेरून आजोबांनी विचारले. मी अडवायच्या आत चाचांनी सगळे सांगून टाकले.

आजोबा हसले नाहीत. "म्हणजे तू माझ्याशी इतके दिवस खोटं बोललीस? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, तर तिथंच म्हणालो असतो की हा देशी नियम आहे."

मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

"मागच्या पानांत नवे नियम आहेत. तिथलं खरं सांग."

मी चिठ्ठी आणली. चाचांनी एकेक कोडे मांडले. दोन ठिकाणी काळ्या राजाला निसटायला घर होते, दोन ठिकाणी दुसऱ्याच खेळीनेही मात होत होती, आणि कोड्याला उत्तर एकच असावे लागते. आजोबांनी प्रत्येक डाव चाचांकडून पुन्हा खेळवून पाहिला.

"मग छापायचं नाही," ते म्हणाले.

"तात्या, चार ऊस किडके निघालं म्हणून कुणी फड पेटवून देतं व्हय?" चाचा म्हणाले. "किडकं काढायचं, बाकीचं मोळीत बांधायचं."

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आजोबांनी पेन मागितले आणि चारही कोडी स्वतःच्या हाताने खोडली. रेघ वाकडी आली. मी पट्टी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. पहिल्या पानाच्या वर माझ्याकडून लिहून घेतले: देशी नियम. ती बारा कोडी इंजिनाला तपासता येत नाहीत, म्हणून चाचा रोज दुपारी एसटीने येतात आणि दोघे पटावर एकेक खेळी करून बघतात. मी दाराआडून कान देऊन असते. कुणी थांबले की मी डोकावून पाहते.

आज शनिवार. वहीत चौतीस कोडी उरली आहेत. त्यांतली बावीस इंजिनाने तपासली आहेत, नऊ या दोघांनी, आणि तीन अजून तपासायची आहेत.