झाकणराव आणि काकूंच्या पेट्या

बाजारात त्याला सगळे झाकणराव म्हणत. बाकीचे अडते पेटी उघडून, फळं खालवर करून दाखवत, तेव्हा कुठे माल खपे. हा मात्र चार ठरलेल्या बागवाल्यांच्या पेट्यांवर नुसती थाप मारी, "माझा शब्द," म्हणे, आणि सफरचंदं झाकणासकट विकली जात. त्या चौघांत एक काकू होत्या. नवरा गेल्यापासून बाग त्याच बघत, पेट्याही स्वतःच्या हातांनी भरत. इतक्या वर्षांत त्यांच्या पेटीचं झाकण बाजारात कधी निघालं नव्हतं.

झाकणराव आता थकला होता. ओरडून ओरडून घसा बसलेला, गुडघे तर कामातून गेलेले. "संशय घ्यायला वाकावं लागतं बाबा, विश्वासाचं उभ्याउभ्या भागतं," असं तो गमतीत म्हणे.

एका संध्याकाळी फळांचा दुकानदार तणतणत आला. "तुमच्या काकूंनी चांगलाच चुना लावला की! वर देखणी फळं आणि खाली सगळा कचरा!"

झाकणरावाला जेवण गेलं नाही. काकूंवर संशय घ्यायला मन धजेना, आणि न घ्यावा तर उद्या आपल्या शब्दाला बाजारात कुत्रं विचारणार नाही.

सकाळी काकू माल घेऊन आल्या. पेट्या उतरल्या, गिऱ्हाइकं भोवती जमली. थाप मारायला उचललेला हात त्याने तसाच झाकणाच्या फटीत घातला. "काकू, आज जरा बघतो हं."

तो कण्हत वाकला आणि तळापर्यंत फळं उपसली. वरची तशीच खालची, एकालाही डाग नाही. माल हातोहात गेला. झाकणरावाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी दुकानदार ओशाळून आला. "गल्लत झाली हो. आमच्याच गोदामात पेट्यांची अदलाबदल झाली. ती पेटी काकूंची नव्हतीच."

दुसऱ्या दिवशी काकूंचा टेम्पो आला. एकाही पेटीला झाकण नव्हतं. झाकणराव घाईघाईने पुढे झाला. "काकू, कालचं ते... माझंच चुकलं..."

"असू दे हो," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "झाकणं घरीच ठेवली. तुमचे गुडघे दुखतात. उगाच वाकायला नको."