दागरोसची घंटा

सकाळपासून राग्नाचा पाय घरात ठरत नव्हता. कॉफी तिनं तिसऱ्यांदा गरम केली आणि तिसऱ्यांदा तशीच विसरली. खिडकीशी जायची, परत फिरायची. पलीकडच्या काठावर उन्हाकडची शेतं पिवळी पडली होती. अलीकडे ही सावलीकडची. ऑक्टोबरात सूर्य गेला की फेब्रुवारीपर्यंत तोंड दाखवत नाही. आणि वर, खोऱ्याच्या घशात, नवं धरण. मंगळवारी त्याची दारं पाडून बंद केली, तेव्हापासून मागं पाणी चढत होतं.

"आई, बसा की घडीभर. जमीन झिजली तुमच्या येरझाऱ्यांनी," उन्हाकडून आलेली सून बोर्गहिल्ड म्हणाली.

"झिजू दे. सोमवारपर्यंत माझीच आहे."

सोमवारी राग्ना अंगणापलीकडच्या लहान घरात जाणार होती. मुलगा शेताचा धनी झाला की म्हाताऱ्यांनी तिकडं बिऱ्हाड हलवायचं. तिची सासू अशीच गेली होती, कुरकुर न करता.

पण आज जिवाला घोर होता तो दागरोसचा.

दागरोस सोळा वर्षांची गाय. त्यातले अकरा उन्हाळे ती गळ्यात घंटा घालून कळपापुढं चालली. काल राउसेटवरनं, डोंगरावरच्या उन्हाळी वाड्यावरनं, गुरं कायमची खाली आणली. राउसेट आता पाण्यात जायचं होतं. निघताना राग्नानंच घंटा सोडून तरण्या फागरलिनच्या गळ्यात बांधली. दागरोस तर या हिवाळ्यात कापायचीच. नवीला पुढं चालायची सवय होऊ दे, एवढाच विचार. दागरोस थबकली. फागरलिनला एक ढुशी दिली आणि मागं रेंगाळली. गुरं गोठ्यात बांधली तेव्हा एक दावं रिकामंच राहिलं.

"कापायच्या गाईपायी कशाला जीव टाकतेस?" मुलगा एम्ब्रिक दारातून म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पुलावर पाणी चढेल."

"कापायची म्हणून बुडू द्यायची होय रे? लग्नात अक्कल उन्हाकडं देऊन आलास वाटतं."

"ती आधीपासूनच नव्हती, आई," बोर्गहिल्ड म्हणाली. "आमच्या माथी मारू नका."

राग्ना हसली नाही. ती गोठ्यात गेली, फागरलिनच्या गळ्यातली घंटा सोडली, वाजू नये म्हणून आत मूठभर गवत कोंबलं आणि चालू लागली.

दरडीच्या उतारावर तिनं सवयीनं एक दगड उचलून ढिगावर ठेवला. आजेसासूच्या आजीच्या काळी इथून डोंगर सुटला आणि तीन घरं माणसांसकट गेली. तेव्हापासून जाणारा-येणारा एक दगड ठेवतोच. आता ढीगही बुडणार. तरी तिनं दुसरा ठेवला, परतीचा. पुलाच्या खांबांना पाणी भिडलं होतं. ती जवळजवळ पळतच पार झाली.

वर येऊन तिनं साद घातली. चाळीस उन्हाळे गाई जी उंच, लांबवलेली हाळी ऐकून धावत यायच्या तीच. मध्येच आवाज फाटला.

दागरोस वाड्याच्या दाराशीच उभी होती. तिनं पाहिलं आणि मान फिरवली.

"रुसलीस होय, भवाने? चल, पाणी येतंय." राग्नानं मीठ पुढं केलं. गाईनं हुंगलंसुद्धा नाही. राग्नानं दोर बांधून ओढलं, तर ती खूर रोवून उभी.

मग राग्नानं घंटेतलं गवत उपसलं. घंटा दागरोसच्या गळ्यात बांधली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "घे."

दागरोसनं मान झटकली. घंटा वाजली. आणि ती निघाली, पुढं, मागं वळूनही न बघता.

पुलावर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. फळ्या दिसत नव्हत्या. राग्ना काठाशीच अडली. दागरोस मात्र थांबली नाही. अकरा वर्षं पायाखालची वाट. राग्नानं शेपूट धरलं आणि डोळे मिटून घंटेमागं चालत राहिली.

अंगणात एम्ब्रिक कंदील घेऊन उभा होता. घंटा काढायला त्यानं पट्ट्याला हात घातला.

"राहू दे ती," बोर्गहिल्ड म्हणाली.

"अगं, कापायचीय ना तिला?"

"या हिवाळ्यात नाही. बघू पुढं." एम्ब्रिक गाय गोठ्यात घेऊन गेला. बोर्गहिल्डनं राग्नाला घरात आणून तिचे ओले बूट ओढून काढले. "बसा आता, आई."

राग्ना बसली. पण कान गोठ्याकडंच. घंटा एकदा वाजली, तेव्हा कुठं तिनं कॉफी हातात घेतली.