मेश्राम मॅडमच्या नावावरची चूक

सुनंदा मेश्राम मॅडम परवा गेल्या.

हे वाचून काही जण मला नावं ठेवतील. ठेवा.

डॉट कॉमचा फुगा नुकताच फुटला होता, तेव्हाची गोष्ट. कर्वेनगरमध्ये एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. मी फ्रेशर, प्रोबेशनवर. मॅडम माझ्या टीम लीड, नागपूरच्या.

त्या "काय करून राहिली?" म्हणाल्या की आम्ही पेठेतली मंडळी एकमेकांकडे बघून हसायचो. त्यांना ते दिसायचं.

काम एका हॉस्पिटलचं होतं. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पेशंटची माहिती तीन वेगळ्या याद्यांत होती. एकीत नावं, दुसरीत खाटांचे नंबर, तिसरीत औषधांच्या ॲलर्जी. तिन्हींत पेशंटचा क्रम एकच. नव्या सिस्टिमसाठी या सगळ्याची एक एक्सएमएल फाईल करायची होती. म्हणजे प्रत्येक माहिती टॅगमध्ये, नाव दिलेल्या कप्प्यात, बसवायची.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"गौरी, याद्या तशाच उचलून ठेवू नको. एका पेशंटचा एक टॅग कर. त्याचं नाव, खाट, ॲलर्जी, सगळं त्याच्या पोटात. ॲलर्जी नसेल तर टॅग रिकामा ठेव. पण ठेव."

मला ते उगाच वाढवलेलं काम वाटलं. मी आधी सगळी नावं ओळीनं टाकली, मग सगळ्या खाटा, मग सगळ्या ॲलर्जी. जिथे काही लिहिलेलं नव्हतं ती जागा वगळली. कोड निम्म्यावर आला. मी खूश.

त्याच आठवड्यात मॅडमचे वडील आजारी पडले आणि त्या दोन दिवस नागपूरला गेल्या. हॉस्पिटलमधून फाईलसाठी फोन आला. मी कोणालाही न दाखवता पाठवून दिली.

परत आल्यावर मॅडमनी ती उघडली. बराच वेळ स्क्रोल करत राहिल्या.

"नावं दोनशे. ॲलर्जी चाळीस. एकशेसाठ कुठं गेल्या?"

"त्यांना ॲलर्जी नाहीये, मॅडम. म्हणून घेतल्या नाहीत."

"मग ही चौथी, पेनिसिलिनची. ही कोणाची?"

मी मोजलं. फाईलप्रमाणे ती चौथ्या नावाच्या बाईंची होती. जुन्या यादीत बघितलं, तर एकोणिसाव्या नावाच्या आजोबांची.

मधल्या रिकाम्या जागा मी काढल्या, आणि त्यांच्या खालची प्रत्येक ॲलर्जी भलत्याच माणसाच्या नावावर गेली. फाईलमध्ये एरर एकही नव्हता. नव्या सिस्टिमनं ती मुकाट्यानं घेतली होती.

मॅडमनी आधी फोन लावला. "ती फाईल वापरू नका." पलीकडून कळलं, सकाळीच प्रिंट काढून वॉर्डात दिलीय.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. मंडईपाशी ट्रॅफिक अडकलं होतं.

हॉस्पिटलच्या चारही वॉर्डांत सिस्टरांकडून आम्ही कागद परत घेतले. कोणाला चुकीचं औषध गेलं नव्हतं. एक सिस्टर म्हणाल्या, "मी पेशंटला विचारल्याशिवाय इंजेक्शन देत नाही हो. तुमच्या कागदावर कशाला विसंबू?"

निघताना मॅडम मला त्या आजोबांच्या खाटेशी घेऊन गेल्या.

"काय झालं, बाळ?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही बाबा. तुमचं नाव तपासून राहिलो," मॅडम म्हणाल्या.

ऑफिसला आलो तर कंपनीचे मालक, आमचे सर, वाटच बघत होते. फाईल न तपासता कोणी पाठवली?

"मीच," मॅडम म्हणाल्या. "नागपूरहून फोनवर हो म्हटलं होतं."

असा फोन झालाच नव्हता. मी खाली मान घालून उभी राहिले.

नंतर जिन्यात मी त्यांना गाठलं. "मॅडम, का बोललात असं?"

"तुझं प्रोबेशन आहे. तुला या वर्षी दुसरीकडे कोणी घेणार नाही. मला घेतील."

"मी उद्या सरांना खरं सांगते."

"सांग."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

हॉस्पिटलनं टीम लीड बदलून मागितला. मॅडमना मिळणार असलेलं अमेरिकेतलं प्रोजेक्ट दुसऱ्याला गेलं. मी कन्फर्म झाले. सहा महिन्यांनी त्या नोकरी सोडून पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागल्या आणि शेवटपर्यंत तिथेच होत्या. दर दिवाळीला मी फोन करायचे. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

परवा त्यांच्या घरी गेले. बुद्धवंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतले त्यांचे विद्यार्थी जिन्यापर्यंत बसले होते. त्यांचे धाकटे भाऊ कोणाला तरी सांगत होते, "ताई फार हुशार. पण एका हॉस्पिटलच्या कामात चुकली, तीच नडली. नाहीतर अमेरिकेत असती."

घरीसुद्धा मॅडमनी हेच सांगितलं होतं.

मी म्हटलं, "दादा, ती चूक त्यांची नव्हती. माझी होती."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला नका सांगू. आत आई बसलीय, तिला सांगा."

आईंचं वय नव्वदीला टेकलंय. त्यांच्या पायाशी बसून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

ऐकून त्या म्हणाल्या, "तरीच. माझी सुनंदा न पाहता काही देत नसे."

त्या कंपनीतले बरेच जण माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहेत. तुम्हालाही इतकी वर्षं ती चूक मॅडमचीच वाटत असेल. ती माझी होती.

मॅडम, हे तुमच्या हयातीत सांगायला हवं होतं. मला माफ करा.

तुम्हाला अखेरचा जय भीम.